बाई, मला भागाकार येत नाही

नववीच्या वर्गात बहुपदींचा भागाकार शिकवत होते. फळ्यावर तीन उदाहरणं झाली होती, चौथं मुलांना सोडवायला दिलं होतं. निम्मी मुलं लिहीत होती आणि निम्मी लिहिल्यासारखं करत होती. शिक्षकाला हे फळ्याकडे तोंड असतानाही कळतं. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, मला भागाकारच येत नाही. साधा आकड्यांचा. पाचवीपासून येत नाही."

वर्ग हसला. मला हसू आलं नाही, कारण त्या मुलाला मी आठवीपासून शिकवत होते. त्याच्या वह्या तपासत होते. त्या वह्यांतली उत्तरं बरोबर असायची आणि त्यांच्याखाली माझी लाल शाईतली सही असायची.

सातारा जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी ३१ वर्षं गणित शिकवलं. कष्ट आणि चारित्र्य या दोन गोष्टींवर मी जितकी भाषणं ऐकली तितकी दुसऱ्या कशावरही नसतील. पंधरा ऑगस्टला पाहुणे येतात, स्नेहसंमेलनाला येतात, दहावीच्या निरोप समारंभाला येतात. भरपूर अभ्यास करा, सुसंस्कारी व्हा, यश तुमचंच आहे, असं सांगतात आणि मुलं उन्हात बसून टाळ्या वाजवतात. या भाषणांत खोटं काही नसतं. मीही हे मनापासून मानत आले आहे. पण ही दोन वाक्यं नेहमी शेजारीशेजारी उभी केली जातात, जणू अभ्यास एका खात्यात आणि संस्कार दुसऱ्या. मेहनत केली की गुण मिळतात, आणि चांगलं वागलं की लोक नाव काढतात. त्या मुलाच्या एका वाक्यानं मला कळलं की खातं एकच आहे. आपल्याला काय येत नाही हे स्वतःशी खरं बोलल्याशिवाय अभ्यासाचे कष्ट अंगी लागत नाहीत. विद्यार्थ्याच्या चारित्र्याची सुरुवात मला तिथे दिसते आणि त्याच्या यशाचीही.

तो मुलगा आळशी होता असं कुणी म्हणू नये. पहाटे पाचला उठून दोन म्हशींच्या धारा काढायच्या, डेअरीला दूध घालायचं, मग सहा किलोमीटर सायकल मारत शाळेत यायचं, हा त्याचा रोजचा दिवस. संध्याकाळी वैरण. गृहपाठही तो रोज करायचा. म्हणजे शेजारच्या मुलाच्या वहीतून उतरवून काढायचा, स्वच्छ अक्षरात, समास आखून. त्यालाही वेळ लागतो, हात दुखतो. चार वर्षं त्याचे कष्ट चालू होते आणि शिकणं थांबलेलं होतं. आपल्याकडच्या किती घरांत आज हेच चाललं असेल! मूल सकाळी शिकवणीला जातं, दुपारी शाळेत, संध्याकाळी पुन्हा शिकवणीला, रात्री गाईड घेऊन बसतं. आईवडील म्हणतात, बिचारं केवढं राबतं. राबतं हे खरंच आहे.

अमेरिकेतल्या सेंट लुईस इथल्या वॉशिंग्टन विद्यापीठात हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. माझ्या मते प्रत्येक पालकसभेत तो सांगायला हवा. विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी तो मिटून ठेवला आणि आठवेल तेवढा कागदावर लिहून काढायचा प्रयत्न केला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं घेतली तेव्हा चित्र उलटं झालं: पुस्तक मिटून स्वतःला तपासणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिलं होतं. आणि गंमत अशी की आपल्याला छान आठवेल हा भरवसा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच अधिक होता.

शास्त्रज्ञ याला स्मरणाची रीत म्हणतील. मला यात स्वभावाची परीक्षा दिसते. उघड्या पुस्तकावरून नजर फिरवत राहिलं की सगळं ओळखीचं वाटतं, मन सुखावतं. पुस्तक मिटलं की समोर कोरा कागद येतो आणि तो खुशामत करत नाही. चार ओळी लिहून पेन थांबतं, तेव्हा छातीत जे हलतं ते सोसायची तयारी म्हणजे अभ्यासाचे खरे कष्ट. तासन्तास बसण्यापेक्षा ते जड जातं. माझ्या वर्गातली गणितात पुढे गेलेली मुलं आठवते तेव्हा त्यांच्यात एकच गोष्ट सारखी सापडते. ती हुशार होतीच असं नाही, काही तर अगदी बेताची होती. पण उत्तर चुकलं की ती मागच्या पानावरचं उत्तर बघून शेवटची ओळ बदलत नव्हती. कुठे चुकलं ते शोधत वर वर जात होती. त्यांच्या वह्यांत खाडाखोड असायची.

आणि इथे मला माझी चूक सांगितली पाहिजे. वर्षानुवर्षं मी खाडाखोडीसाठी मुलांना बोलले. नीटनेटक्या वहीला शाबासकी दिली, प्रदर्शनात मांडली. मी काय शिकवत होते? की चूक झाली तरी ती दिसता कामा नये. मुलांनी हा धडा माझ्याकडून उत्तम घेतला. चूक न दिसण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे दुसऱ्याची वही. गृहपाठाची वही उतरवणं आणि परीक्षेत मोज्यात चिठ्ठी नेणं यांत आपण फार मोठा फरक करतो. दुसऱ्यासाठी पर्यवेक्षक असतात, भरारी पथक असतं. पहिल्याला आपण गृहपाठ पूर्ण असं म्हणतो. पण चिठ्ठीची सवय मोज्यात लागत नाही, ती वहीत लागते.

मुलांकडे बोट दाखवण्याआधी आपण मोठ्यांनी दहावीच्या निकालांकडे बघावं. महाराष्ट्रात २०१८ मध्ये दहावीचा निकाल ८९.४१ टक्के लागला. त्यानंतरच्या वर्षी भाषा आणि सामाजिक शास्त्रांमधले शाळेनं द्यायचे अंतर्गत गुण बंद झाले, आणि २०१९ चा निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. ओरड झाली, गुण परत सुरू झाले, आणि २०२० मध्ये निकाल ९५.३० टक्के लागला. २०१९ ला अभ्यासक्रमही नवा होता, कृतिपत्रिकाही नवी होती. २०२० ला टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपरच झाला नाही. त्यामुळे सगळा चढउतार अंतर्गत गुणांच्या माथी मारणं बरोबर नाही. पण ज्यांनी शाळेत बसून ते गुण भरले आहेत त्यांना विचारा. तोंडी परीक्षा किती मुलांची खरोखर घेतली? मी विचारते तेव्हा स्वतःलाही विचारते. वीसपैकी अठरा, एकोणीस, अठरा, वीस असे आकडे शिक्षककक्षात चहा पिता पिता भरले जातात, आणि आपण मुलांचं भलं केलं अशी समजूत करून घेऊन आपण घरी जातो. ज्या मुलीला धड चार ओळी वाचता येत नाहीत तिला मराठीच्या तोंडीत एकोणीस गुण देणं ही दया नाही. तिला वाचायला शिकवायचे कष्ट आपण टाळले. तिच्या गुणपत्रिकेवरचा तो आकडा आमच्या कामचुकारपणाचा आहे.

यावर पालकांचा एक प्रश्न असतो. तो मला अनेकदा विचारला गेला आणि तो टाळण्यासारखा नाही. "बाई, आमचा मुलगा प्रामाणिक राहिला आणि शेजारच्यानं कॉपी केली, तर नुकसान कुणाचं?" त्या एका परीक्षेत नुकसान प्रामाणिक मुलाचं होतं. हे मान्य न करता प्रामाणिकपणाचे गोडवे गाणारे लोक मुलांचा विश्वास गमावतात. २०२४ मध्ये वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेचा पेपर हजारीबाग आणि पाटण्यात फुटल्याचं सर्वोच्च न्यायालयानंही मान्य केलं. त्या वर्षी दोन-दोन, तीन-तीन वर्षं घासून अभ्यास केलेल्या मुलांनी जे सोसलं, त्यावर नीतिकथेचं मलम लागत नाही. तिथे चोराला शिक्षा आणि व्यवस्थेला दुरुस्ती हेच उत्तर आहे.

पण शाळेचं शिक्षण हे एका परीक्षेचं प्रकरण नसतं, आणि गणिताइतकं हे कुठेच स्पष्ट दिसत नाही. अपूर्णांक आल्याशिवाय गुणोत्तर येत नाही, गुणोत्तराशिवाय समरूप त्रिकोण नाही, समरूप त्रिकोणाशिवाय त्रिकोणमिती नाही. उसनी घेतलेली पायरी वरच्या पायरीचं वजन पेलत नाही. दहावीला नव्वदच्या घरात गुण मिळवून अकरावी सायन्सला गेलेली आणि दिवाळीपर्यंत कोसळलेली मुलं मी पाहिली आहेत. घरचे म्हणतात, कॉलेजची हवा लागली. हवा कसली, पायाखाली पायऱ्याच नव्हत्या. उलट बावन्न-पंचावन्न टक्क्यांची काही मुलं आयटीआयला, डिप्लोमाला जाऊन भराभर वर आली, कारण जे बावन्न होते ते त्यांचे स्वतःचे होते.

आता दुसरी बाजू. मी सातारची आहे आणि या शहरानं मला या विषयावर भाबडं राहू दिलेलं नाही.

कोकणातल्या मुरूडहून एक मुलगा मराठी सहावीच्या परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून शंभराहून अधिक मैल चालत साताऱ्याला आला. वयानं लहान दिसतो म्हणून त्याला परीक्षेला बसू दिलं नाही. तो आला तसा परत गेला, आणि ती परीक्षा पुढे त्यानं कोल्हापूरला दिली. हाच मुलगा १८९१ मध्ये फर्ग्युसन कॉलेजात गणिताचा प्राध्यापक झाला आणि पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे म्हणून ओळखला गेला. याच शहरात ७ नोव्हेंबर १९०० रोजी राजवाड्यातल्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीच्या वर्गात भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं. ते रजिस्टर प्रतापसिंह हायस्कूलनं जपून ठेवलं आहे. शाळेच्या त्या वर्षांत हा मुलगा घरून आणलेल्या तरटावर वेगळा बसायचा, आणि शिपाई नसेल तर दिवसभर तहानलेला राहायचा, कारण नळाला हात लावायची त्याला मुभा नव्हती.

या दोन्ही गोष्टी मुलांना सांगताना आपण पटकन शेवटावर जातो. बघा, कष्ट केले म्हणून केवढे मोठे झाले! मला मधल्या भागावर थांबावंसं वाटतं. चालून आलेल्या मुलाच्या मेहनतीत काय कमी होतं? तहानलेल्या मुलाच्या चारित्र्यात काय कमी होतं? काहीही नाही. कमी होतं ते शाळेत. ते दोघे असामान्य होते म्हणून शाळेच्या कमतरतेवर मात करून गेले. त्यांच्यासारखीच दारातून परत गेलेली आणि मग कधीच न परतलेली किती मुलं असतील, त्यांचं रजिस्टर कुणी ठेवलेलं नाही. म्हणून असामान्यांची उदाहरणं देऊन सामान्य मुलाला "तू कमी पडलास" असं ऐकवणं मला अन्यायाचं वाटतं.

हा अन्याय ज्या माणसाला सगळ्यात नीट कळला तो स्वतः मॅट्रिक झालेला नव्हता. भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था सुरू केली, १९२४ मध्ये ती साताऱ्यात आणली. तिथल्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत, एकत्र रांधत आणि एका पंगतीत जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचं छत्रपती शाहू बोर्डिंग असं नामकरण झालं. मुलांच्या पोटाला कमी पडलं तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडलं. त्या १९३० मध्ये गेल्या. आज संस्थेच्या सातशेहून अधिक शाखा आहेत, आणि त्या प्रत्येक शाखेच्या पायात ते सोनं आहे असं मला नेहमी वाटतं.

भाऊरावांनी मुलांना आधी भाकरी दिली, मग काम दिलं, मग पुस्तक दिलं. हा क्रम महत्त्वाचा आहे, आणि तो का ते एका प्रयोगावरून कळतं. १९६०च्या दशकाच्या अखेरीस स्टॅनफर्डमध्ये वॉल्टर मिशेल यांनी लहान मुलांसमोर एक गोड खाऊ ठेवून, थांबलास तर दोन मिळतील, असं सांगण्याचे प्रयोग सुरू केले. जी मुलं थांबली ती पुढे शिक्षणात सरस ठरली, असं दिसलं आणि संयमाची महती जगभर पसरली. २०१८ मध्ये टायलर वॉट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊशेहून अधिक मुलांची माहिती घेऊन ते पुन्हा तपासलं. घरची परिस्थिती हिशेबात धरताच तो संबंध बराच क्षीण झाला. ज्या घरात दिलेला शब्द पाळला जाईल याची खात्री नसते, तिथलं मूल हातातला घास आत्ताच खातं. त्याला असंयमी म्हणायचं की शहाणं? दसऱ्यानंतर बीडकडून आमच्या कारखान्यांवर ऊसतोडीला येणाऱ्या टोळ्यांत मी दहा वर्षांच्या मुली पाहिल्या आहेत. पाचटात धाकट्या भावाला सांभाळत, पाणी आणत, आईच्या मागे मोळ्या बांधत त्या दिवस काढतात. त्यांना कोणता पाहुणा कष्टाचं महत्त्व सांगणार आहे?

भाऊरावांच्या कमवा आणि शिका या वाटेकडे आपण बहुतेक वेळा गरिबांची सोय म्हणून बघतो. फी भरायला पैसे नाहीत, मग काम करा. मला तिच्यात त्याहून खोल काही दिसतं. मुलांनी माती खणली, दगड फोडले, भाजी पिकवली, पीठ मळलं. या कामांत कॉपी करता येत नाही. वाफा वाकडा आला तर तो वाकडाच दिसतो. भाकरी करपली तर ती सगळ्यांना खावी लागते आणि कुणी करपवली हे सगळ्यांना माहीत असतं. पण त्यावरून कुणी कुणाला नापास करत नाही, दुसऱ्या दिवशी तोच मुलगा पुन्हा तव्यापाशी बसतो. चूक उघडी असणं आणि तरीही पंगतीत जागा कायम असणं, या दोन गोष्टी एकत्र मिळाल्या की मूल खरं बोलायला घाबरत नाही. त्याच बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर झाले, शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांची बुद्धी त्यांची होती, कष्ट त्यांचे होते. पण त्या कष्टांना उभं राहायला जमीन कुणीतरी आधी तयार केली होती.

आपल्या वर्गांत ती जमीन आहे का? तो मुलगा उभा राहून बोलला तेव्हा वर्ग हसला, आणि त्या हसण्यासाठी मी मुलांना दोष देत नाही. येत नाही असं म्हणणाऱ्याला हसायचं असतं हे त्यांनी आमच्याकडूनच घेतलं होतं. "एवढंही येत नाही?" हे वाक्य मी स्वतः किती वेळा उच्चारलं असेल त्याची गणती नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघं साडेदहाला, शाळा भरायच्या अर्धा तास आधी, बसू लागलो. धारा लवकर आटोपून यायचं त्यानंच ठरवलं. पहिले चार दिवस नुसते पाढे. मग एका अंकाचा भागाकार, मग दोन अंकी. पाचव्या दिवशी खिडकीतून एक मुलगी डोकावली आणि न विचारता येऊन बसली. महिनाभरात अकरा जण झाले. त्यांतले दोघं वर्गात पहिल्या दहांत येणारे होते. मी थक्क झाले, आणि मग मला त्याचं वाईट वाटलं. त्यांना बिचाऱ्यांना तर येत नाही असं म्हणायची सोयच नव्हती.

तो मुलगा दहावीला पहिल्या प्रयत्नात पास झाला, गणितात त्रेपन्न गुण घेऊन. वर्तमानपत्रात नाव येण्यासारखे ते गुण नव्हते. त्रेपन्नातला एक एक गुण कुठून आला ते मात्र त्याला सांगता आलं असतं.

पुढच्या जूनपासून निवृत्त होईपर्यंत मी नववीच्या पहिल्या तासाला शिकवलं नाही. प्रत्येकाला वहीच्या पानाचा एक कपटा दिला आणि सांगितलं, गणितातली तुम्हाला येत नसलेली एक गोष्ट यावर लिहा, नाव घालू नका, घडी करून टेबलावर ठेवा. पहिल्या वर्षी मुलं एकमेकांकडे बघत राहिली. शाळेत चिठ्ठी म्हणजे काय असतं ते त्यांना माहीत होतं, आणि बाई स्वतःच चिठ्ठ्या वाटतायत याचा त्यांना अर्थ लागेना. मग माना खाली गेल्या. शिक्षककक्षात जाऊन मी त्या घड्या उघडल्या. अपूर्णांक. उणे संख्या. सतराचा पाढा. भागाकार, भागाकार, भागाकार. "उदाहरण वाचून कळत नाही." "सगळं." एका चिठ्ठीवर काहीच नव्हतं, नुसता पेनाचा एक ठिपका होता, लिहायला टेकवून उचललेला.

आणि एकीवर नाव होतं. नको म्हटलं असताना पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आणि खाली हजेरी क्रमांक. दुसऱ्या दिवशी दहा वाजताच जाऊन मी वर्ग उघडला.